दुसरा बोलत असताना निळूभाऊंकडे बघ

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. सोबत निळूभाऊंच्या, म्हणजे नट निळू फुलेंच्या, सिनेमांवर लिहायला घेतलेली अर्धवट पानंही मिळाली. पानं चांगली आहेत, ते तुलाही ठाऊक आहे, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. तुझं अडलंय ते दुसरीकडेच. मैत्रिणींनी विचारलं, ‘बाई, वाड्यावर या’वाला तो माणूस तुला आवडतो? मुलगी असून? आणि तुझा हात थांबला. पुढच्या पानावर तर तू चक्क माफी मागितली आहेस. ‘प्रत्यक्षात ते फार सज्जन होते, सेवादलाचे कार्यकर्ते होते’ असं म्हणत त्यांचा बचाव करायला निघालीस. तो परिच्छेद वाचून तुझ्याबद्दल माया वाटली आणि लगेच रागही आला.

ते सज्जन होतेच. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले, पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलं, पुढे डॉ. श्रीराम लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. हे सगळं खरं आहे, आणि तुझ्या प्रश्नाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. माणूस चांगला होता म्हणून ‘सामना’तला हिंदुराव धोंडे-पाटील चांगला उभा राहिला, असं होत नसतं. भला माणूस वाईट नट असतो, आपण असे ढिगाने पाहिलेत. तू सिनेमाबद्दल लिहिते आहेस ना? मग पडद्यावर काय आहे ते सांग. तो परिच्छेद काढून टाक.

आणि पडद्यावर काय आहे ते दिसायला हवं असेल तर एकच कर. दुसरं माणूस बोलत असताना निळूभाऊंकडे बघ. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. तो घोगरा आवाज, अर्धवट मिटलेले डोळे, तिरकी टोपी, हे सगळे नकलाकार उचलतात, कारण उचलायला सोपं आहे. नक्कल नेहमी बोलण्याची होते. ऐकण्याची नक्कल केलेली तू कधी पाहिलीस का? त्यांचं खरं काम तिथे आहे. समोरचा बोलतोय, हे ऐकताहेत, आणि ऐकता ऐकता त्या माणसाचं मोल ठरवताहेत.

तुमच्या पिढीची एक अडचण मला समजते. तुम्हाला निळूभाऊ तुकड्यातुकड्यांनी भेटले. मोबाइलवर एक संवाद, त्यावर हशा, की पुढचा तुकडा. तो तुकडा कापणारा माणूस संवाद सुरू होतो तिथे कात्री लावतो आणि संवाद संपला की पुन्हा लावतो. म्हणजे बोलण्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं गेलं. हाती उरतो तो फक्त आवाज. ‘वाड्यावर या’ म्हणून दाखवणाऱ्याला एकदा विचार, हे कोणत्या सिनेमात आहे? समोर कोण बाई उभी आहे? तिने त्याआधी काय म्हटलंय? मी विचारून बघितलंय. तो गप्प होतो, नाहीतर ‘असंच म्हणतात सगळे’ म्हणतो. अशा माणसाच्या प्रश्नाने तुझा हात थांबावा, याचं मला वाईट वाटलं.

‘सामना’ तू पूर्ण पाहिलास, ते तुझ्या पानांवरून कळतं. पण तुझं लक्ष सगळं डॉ. लागूंच्या मास्तरकडे आहे. साहजिक आहे. दारूत बुडालेला, कुठून आला ते न सांगणारा तो म्हातारा एकदा पडद्यावर आला की नजर हलत नाही. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न पटकथाकार विजय तेंडुलकरांनी असा काही पेरलाय की महाराष्ट्रात तो सिनेमाबाहेर पडून राजकारणाच्या भाषेत जाऊन बसला. पण प्रश्न विचारणाऱ्याकडे सगळेच बघतात. तू पुन्हा बघ, आणि या वेळी दर वेळी तो प्रश्न आला की हिंदुरावाकडे बघ. पहिल्यांदा प्रश्न येतो तेव्हा तो त्याला प्रश्न वाटतच नाही, पाहुण्याची एक लहर वाटते. मग कुतूहल. मग, हा माणूस काय घेऊन गप्प बसेल याचा हिशोब. साखर कारखाना, गावाचा विकास, स्वतःचा पाहुणचार, एकेक गोष्ट तो मास्तरसमोर मांडतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते बघत राहतो. काही उमटत नाही. इतक्या वर्षांत गावात विकत न जाणारा माणूस त्याने पाहिलेला नाही, आणि आता तो स्वतःच्याच घरात त्याला दारू पाजतोय. निळूभाऊंनी हे सगळं ऐकण्यातून केलंय. ओरडून घाबरवणारा पाटील मराठी सिनेमात आधीही होता. विचार करताना दिसणारा पाटील हा पहिला.

आणि तो नुसता दुष्टही नाही. त्याने खरंच गावात काही उभं केलंय, आणि जे उभं केलं त्याच्या जोरावर आपल्याला सगळं माफ आहे, असं त्याला मनापासून वाटतं. हे ‘मनापासून’ फार अवघड असतं. त्याच्या डोळ्यांत जी अस्वस्थता हळूहळू साचते ती पकडल्या गेलेल्या चोराची नाही. आपल्याला कुणी असं विचारू शकतं याचंच त्याला आश्चर्य वाटतंय. १९७५ साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला. मराठी न कळणाऱ्या परक्या माणसांनी तो पाहिला. संवादातला मराठी ठसका त्यांना काय कळणार? त्यांना चेहरा दिसला असेल.

आता ‘सिंहासन’. इथे मी तुझ्याशी भांडणार आहे, कारण तू त्याला दोन ओळींत उरकलंस. ‘निळू फुले यात पत्रकार आहेत, वेगळी भूमिका आहे’, एवढंच. अगं, वेगळी म्हणजे काय? चार वर्षांनी तेच दिग्दर्शक, जब्बार पटेल, पटकथेला तेच तेंडुलकर, आणि तेच दोन नट. पण जागा अदलाबदल झाल्यात. ‘सामना’त सत्ता निळूभाऊंकडे होती आणि प्रश्न लागूंकडे. ‘सिंहासन’मध्ये लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आहेत, मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले, आणि प्रश्न विचारत हिंडणारा आहे दिगू टिपणीस, म्हणजे निळूभाऊ. हे तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तू दिगू काय बोलतो ते बघत होतीस. तो फारसं काही बोलतच नाही. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री बोलतात, दाभाडे बोलतात, सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा बोलतो. दिगू ऐकतो. हिंदुरावही ऐकायचा, पण तो समोरच्याला जोखायला ऐकायचा. दिगूला ऐकण्याशिवाय काही करताच येत नाही. सगळं कळतं, सगळं दिसतं, आणि त्याच्या हातात काही नाही. एकाच नटाचं तेच शस्त्र, पण एकदा मुठीकडून धरलेलं आणि एकदा पात्याकडून.

शेवटी तो रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. लोक म्हणतात, काय तो शेवट! मी म्हणते, तो शेवट निळूभाऊंनी पहिल्या तासाभरात कमावला. सिनेमाभर ऐकून घेतलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर पडतं. ते ऐकणं तू बघितलं नसशील तर तुला ते हसू नुसतं नाटकी वाटेल. तुझ्या दोन ओळींत मला नेमका तोच वास आला. म्हणून पुन्हा बघ. दुसरा बोलत असताना बघ. मी हे पुन्हा पुन्हा म्हणतेय ते मलाही कळतंय, पण तू अजून एकदाही केलेलं नाहीस.

हे त्यांच्यात कुठून आलं, तेही लिही. तुझ्या पानांत लोकनाट्याचा उल्लेख नुसता चरित्रातली एक पायरी म्हणून आलाय. सेवादलाच्या कलापथकात राम नगरकरांसारख्या सोबत्यांबरोबर जो माणूस उभा राहिला, ‘कथा अकलेच्या कांद्याची’चे प्रयोग ज्याने केले, त्याला ऐकावंच लागतं. लोकनाट्यात संहिता असते, पण तिला चिकटून कुणी राहत नाही. बतावणीत, म्हणजे त्यातल्या विनोदी सवालजवाबात, समोरचा आज कुठल्या शब्दावर वळेल, आजच्या बातमीतलं काय घुसवेल, हे तुला आधी माहीत नसतं. तुझं पुढचं वाक्य तुझ्याकडे तयार नसतं, ते समोरच्याच्या वाक्यातून उचलायचं असतं. हजरजबाबीपणा म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तो आधी कान असतो, मग जीभ. १९६८ साली अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त ते झेलेअण्णा होऊन आले, तेव्हा हे सगळं बरोबर घेऊनच आले. पडद्यावर पहिल्यांदा आलेला नट आपल्या वाक्याची वाट बघताना दिसतो. ते वाट बघत नव्हते.

यानंतर जे झालं त्याबद्दल तू घाबरत घाबरत विचारलं आहेस, की चाहतीने टीका करावी का. करावी का म्हणजे? न करशील तर तुझं कौतुक कोण खरं मानेल? झेलेअण्णा चालले म्हणून पुढे निर्मात्यांनी तेच ते सरपंच, पाटील, सावकार, चेअरमन त्यांच्या गळ्यात मारले. त्यातले कितीतरी सिनेमे सुमार आहेत. गोष्ट ठरलेली, बाई ठरलेली, शेवटी मार खाणं ठरलेलं. सरळ लिही, की हे सुमार आहेत. मात्र न बघता लिहू नकोस, आणि बघतेस तर कसं बघायचं तेही सांगते. असल्या सिनेमांत कॅमेरा बोलणाऱ्यावर असतो. ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवायला वेळ लागतो, विचार लागतो, तो त्यांच्याकडे नव्हता. म्हणून निळूभाऊ तिथे तुला चौकटीच्या कडेला शोधावे लागतील, नायकाच्या खांद्यामागे अर्धे दिसणारे. तिथेही ते ऐकत असतात. जब्बार पटेलांनी एवढंच केलं, की दोन माणसांना एका चौकटीत ठेवलं आणि घाई केली नाही. ‘जैत रे जैत’मधला ठाकर आदिवासींचा भगत बघ. टोपी नाही, वाडा नाही, हाताखाली कुणी माणसं नाहीत. पाटलाच्या खुणा सगळ्या काढून घेतल्यावर जे उरलं ते बघ.

‘सारांश’चं तुझं टिपण मला पटलं नाही. गजानन चित्रे हा ‘हिंदीतला आणखी एक निळू फुले छाप पुढारी’ नाही. समोर अनुपम खेरांचे प्रधान मास्तर आहेत, मुलगा गमावलेला म्हातारा, आणि घरात भाड्याने राहणारी गरोदर सुजाता. प्रधान बोलतात तेव्हा चित्रेकडे बघ. तू ते पान बहुतेक एखादा तुकडा बघून लिहिलंयस.

एक सिनेमा नसलेली गोष्ट सांगते. १९७२ साली कमलाकर सारंगांनी तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आणलं. निळूभाऊ सखाराम, लालन सारंग चंपा. सेन्सॉरने अडवलं, प्रकरण कोर्टात गेलं, लढून ते नाटक सुटलं. मला ते बघायला मिळालं नाही. आमच्या घरातल्या मुलीने त्या नाटकाला जायचं, हे वाक्य उच्चारायचीही सोय नव्हती. पुढे मी ते वाचलं, पुष्कळदा वाचलं, काही संवाद पाठ आहेत. पण निळूभाऊंच्या सखारामबद्दल मी आजवर एक शब्द लिहिलेला नाही. लोक म्हणतात, एवढी तुम्ही त्यांची चाहती, आणि त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कामाबद्दल गप्प? हो, गप्प. वाक्यं पुस्तकात आहेत. चंपा बोलत असताना ते कुठे बघत होते, हे पुस्तकात नाही, आणि ते मला आता कधीच कळणार नाही. याची हळहळ मला अजून आहे. तुझ्यापुढे सगळे सिनेमे हाताच्या अंतरावर पडलेत आणि तू तुकडा बघून टिपण लिहितेस, तेव्हा माझी चिडचिड का होते, ते यावरून समजून घे.

आता तुझ्या मैत्रिणींचा प्रश्न. मी तो टाळत नाहीये, शेवटी ठेवला कारण त्याला वेळ द्यायचा होता.

आमच्याकडच्या बायका निळूभाऊंचं नाव काढलं तरी बोटं मोडायच्या. मीही त्यांतलीच एक होते. मग मला एका खेड्यातल्या शाळेवर नोकरी लागली. संस्थेचे एक पदाधिकारी होते, त्यांची सही झाल्याशिवाय आमचं काही हलत नसे. मी सहीला गेले की ते ‘बसा’ म्हणत नसत. ‘बोला’ म्हणत. मी उभ्याने बोलायचे. ते टेबलावरचा काचेचा पेपरवेट दोन बोटांनी सावकाश फिरवत ऐकायचे. मधे बोलायचे नाहीत, मानही हलवायचे नाहीत. त्या शांततेला घाबरून मी जास्त बोलायचे, आणि जास्त बोलले की मला त्या नोकरीची किती गरज आहे ते त्यांना कळत जायचं. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. अंगाला हात लावला नाही. तक्रार करायची तर कशाची? घरी सांगितलं तर घरचे म्हणाले, उगाच मनाचे खेळ.

त्यानंतर केव्हातरी मी ‘सामना’ पाहिला. हिंदुराव समोरच्याचं बोलणं ऐकून घेतो, ते पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. हाच तो पेपरवेट. म्हणजे मी पाहिलं होतं ते खरं होतं. ते मनाचे खेळ नव्हते. दुसऱ्या कुणीतरी, एका पुरुषाने, ते इतकं बारकाईने पाहिलं होतं की त्याला ते करून दाखवता येत होतं. मला त्या दिवशी जो दिलासा मिळाला तो एखाद्या भल्या नायकाने खलनायकाला मारल्यामुळे मिळाला नसता.

हे तुझ्या मैत्रिणींना सांग. वाड्यावर बोलावणारा माणूस आवडणं आणि वाडा आतून कसा चालतो ते उघडं करणारा नट आवडणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्या काळात बायका त्यांच्यावर चिडायच्या, कारण त्यांनी भीती खरी दाखवली होती. आज त्याच भीतीचा विनोद करून लग्नाच्या वरातीत वाजवतात, पोरं ऑफिसातल्या मुलींकडे बघून तो संवाद म्हणतात आणि हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्यांनी निळूभाऊंचं ऐकणं कापून टाकलं आणि नुसतं बोलावणं ठेवलं. समोरची बाईही कापून टाकली. तिच्याकडे बघ ना तू. ती बोलत असताना तो कसा ऐकतो ते बघ, मग तुला कळेल की ती कशाला घाबरली आहे.

मला लोकांनी हट्टी म्हटलं. सिनेमा सोबत बघायला आलेल्यांना मी ‘आता बोलू नका, त्यांच्याकडे बघा’ म्हणून गप्प केलंय, आणि पुढे त्यांतल्या बऱ्याच जणांनी माझ्याबरोबर यायचं सोडलं. एका चर्चेत एका विद्वान गृहस्थांनी निळूभाऊंना ‘ग्रामीण खलनायक’ या दोन शब्दांत गुंडाळलं, तेव्हा मी उठून दिगू टिपणीसबद्दल बोलले, आणि वेळ संपली म्हणून सांगितल्यावरही बोलत राहिले. मला त्याची खंत नाही. त्या एका माणसाकडे नीट बघायला शिकल्यामुळे पुढे शाळेच्या प्रत्येक बैठकीत कोण मोठ्याने बोलतंय यापेक्षा कोण शांतपणे ऐकतंय, हे मला आधी दिसायला लागलं. त्याने मला अनेकदा वाचवलं. म्हणून कुणी मला म्हटलं, की एका नटासाठी एवढं काय, तर मी त्यांच्याशी वाद घालते, आणि यापुढेही घालेन.

आता कामाचं. ‘सारांश’ पूर्ण बघून ते टिपण नव्याने लिही. सुमार सिनेमांपैकी दोन निवड, त्यांची नावं घेऊन लिही, ‘काही चित्रपट’ असं मोघम नको. ‘अभिनयसम्राट’, ‘हुकमी एक्का’ असले शब्द जिथे जिथे आलेत तिथे मी पेन्सिलीने खूण केली आहे. त्या प्रत्येक ठिकाणी एक प्रसंग घाल, त्यात दुसरं कोण बोलतंय ते सांग, आणि निळूभाऊ तेव्हा काय करताहेत ते सांग. ‘सिंहासन’ला निदान चार पानं दे. तुझ्या मते ‘सामना’ वरचढ आहे, हे मला दिसतंच आहे. माझं मत तू जाणतेस. तुझी कारणं सविस्तर लिहून पाठव, दिवाळीच्या सुट्टीत त्यावर बसून बोलू.

तुझी,
मावशी